सीट वर करा, विकायचं मग बघू

पत्र : माझं वय ४९. माहेर सांगलीचं. गावभागातून विलिंग्डन कॉलेजला रोज सायकलवर जायचे, लेडीबर्ड होती. लग्न होऊन मुंबईत आले आणि सायकल सुटली ती सुटलीच. यंदा दसऱ्याला स्वतःच्या पैशांनी २१ गिअरची हायब्रिड घेतली. दुकानदाराने सीट अगदी खाली करून दिली, दोन्ही पाय व्यवस्थित टेकतात. तरी निघताना हँडल डगमगतं, दहा मिनिटांत गुडघे दुखायला लागतात आणि मागून रिक्षाने हॉर्न दिला की मी घाबरून उतरतेच. गिअर कळत नाहीत, दुकानात लावून दिले तसेच आहेत. यांचा रविवारचा सायकल ग्रुप आहे, पन्नास-पन्नास किलोमीटर जातात. 'आमच्याबरोबर चल, आपोआप जमेल,' म्हणतात. मुलगा म्हणतो, ओएलएक्सवर टाक. सोसायटीतल्या बायका विचारतात, या वयात कशाला? दिवाळीपासून सायकल पॅसेजमध्ये उभी आहे. विकून टाकू का? (मुलुंड पूर्व, नाव छापू नये.)

ताई,

गुडघे, रिक्षा, शेजारणी, सगळ्यांकडे येते. पण आधी सीट. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही अगदी जाता जाता लिहून गेलात : 'दोन्ही पाय व्यवस्थित टेकतात.' अर्धं दुखणं तिथेच आहे.

चाळिशीपुढची बाई गिऱ्हाईक म्हणून आली की दुकानात न विचारता सीट तळाला नेतात. हेतू वाईट नसतो. बाई पडणार नाहीत, तक्रार घेऊन परत येणार नाहीत, एवढंच. पण हायब्रिडचं पायडल जमिनीपासून बऱ्यापैकी उंच असतं. सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीला लागत असतील, तर पायडल पार खाली गेलं तरी पाय सरळ होत नाही. गुडघा वाकलेलाच राहतो आणि त्या वाकलेल्या गुडघ्यानेच तुम्ही जोर लावता. दुखणं वाटीच्या पुढच्या बाजूला असेल, तर संशय पहिला सीटवर घ्या, वयावर नको. विशीतल्या पोराला त्या सीटवर बसवलं तर तोही गुडघा चोळत उतरेल. शिवाय पाय असा आखडला की जोर निघत नाही, जोर नाही म्हणून सायकल वेग घेत नाही, आणि वेग नसलेली सायकल डगमगतेच, मग चालवणारा कोणी का असेना. तुम्ही सायकल विसरलेल्या नाही आहात. तोल विसरला असतात तर दहा मिनिटं चालवलीच नसती.

सीटची उंची घरच्या घरी ठरवता येते. ज्या चपला-बुटांत सायकल चालवणार ते पायात घाला. भिंतीला हात टेकून सीटवर बसा, कोणाला तरी मागून धरायला सांगा. एक पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, ताणून नाही, सहज. तेवढी उंची बरोबर. चालवताना पायडलवर टाच नसते, चवडा असतो, त्यामुळे गुडघ्याला हवा तेवढा हलका बाक आपोआप राहतो. चालवताना कंबर डावी-उजवीकडे हलत असेल तर सीट जास्त वर गेली, थोडी खाली घ्या. सीटच्या दांड्यावर एक खूण कोरलेली असते, ती फ्रेमच्या आत राहिली पाहिजे. त्याच्या वर दांडा काढायचा नाही. आणि एकदम नको. दोन-तीन दिवसांनी एक-दीड सेंटीमीटर, असं करत जा. दांड्याला आवळायची खिट्टी असेल तर हातानेच होतं, नाहीतर अ‍ॅलन की, म्हणजे षटकोनी टोकाची किल्ली लागते, हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

आता तुम्ही विचाराल, मग पाय टेकणार कसे? बसल्या बसल्या टेकायचेच नाहीत. लेडीबर्डवरून या सायकलवर येताना खरा बदल काय तो एवढाच, आणि तो कोणी सांगत नाही. थांबायचं असेल तेव्हा ब्रेक दाबत उजवं पायडल खाली आणा, त्यावर उभं राहा, सीटवरून पुढे सरका आणि डावा पाय जमिनीवर ठेवा. सीट तुमच्या मागे राहील, तुम्ही दांडीच्या वर उभ्या असाल. निघताना उलट : उजव्या पायाच्या बोटांनी पायडल मागे फिरवून वर आणा, घड्याळात दोन वाजतात तिथपर्यंत, आणि त्यावर चांगला भार द्या. त्या एका दाबात सायकल पुढे जाते आणि तुम्ही सीटवर येता. डगमग मुख्यतः या पहिल्या दाबाची असते. पायडल खाली असताना निघायला गेलात तर तो दाबच मिळत नाही, मग पायाने जमीन रेटत जावं लागतं. चढताना जुन्या सवयीने मधून पाय घालायला जाल, तर दांडी आडवी येईल. सायकल स्वतःकडे तिरकी करा, पाय मागून सीटवरून टाका, दांडीच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहा, मगच पायडल.

हे सोसायटीच्या आवारात करा, नुसतं निघणं आणि थांबणं. लांब जायचं नाही. बायका बघतील. बघू देत.

गिअरचा बाऊ दुकानदार करतात, कारण २१ हा आकडा विकायला बरा पडतो. डाव्या हाताला १-२-३ आहे, ते २ वर ठेवा आणि सध्या विसरून जा. मुलुंड पूर्वेच्या सपाट रस्त्यांवर त्याची गरज पडणार नाही. उजव्या हाताचे सात तेवढे वापरा. आकडा लहान तेवढं हलकं, मोठा तेवढं जड. निघताना २ किंवा ३, वेग आला की ४, ५. गिअर बदलताना पाय फिरत असले पाहिजेत, पण जोर न लावता. थांबलेल्या सायकलचा गिअर बदलायला गेलात तर चेन कुरकुरते, कधी पडतेही. म्हणून सिग्नल दिसला की थांबायच्या आधीच हलक्यावर या. तुमची सायकल दुकानातून जड गिअरवरच आली असेल तर गुडघ्यांचं उरलेलं कारण तेच. सांगलीत एकच गिअर होता, त्यामुळे जोर लावायची सवय पायात मुरलेली असणार. आता जोर कमी आणि फेरे जास्त. एक गुडघा पंधरा सेकंदांत अठरा-वीस वेळा वर आला तर गिअर बरोबर आहे असं समजा.

आणि दिवाळीपासून उभी आहे, म्हणजे चाकातली हवा उतरलेली असणार. किती भरायची तो आकडा टायरच्या कडेवरच लिहिलेला असतो. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जात असाल तर तो आकडा त्याला दाखवा, अंगठ्याने दाबून 'झाली' म्हणेल त्यावर जाऊ नका. हवा भरायची नळी बारीक तोंडाची असेल तर एक छोटा पितळी अडॅप्टर लागतो, तो सायकलच्या पाकिटात कायमचा ठेवा. घरी मीटरवाला पंप घेतलात तर उत्तमच. आठवड्याला एकदा हवा बघायची. कमी हवेची सायकल ओढताना माणूस स्वतःच्या वयाला दोष देतो.

आता रिक्षा.

मुंबईतला हॉर्न बहुतेक वेळा 'बाजूला हो' असं सांगत नसतो, 'मी मागे आहे' एवढंच सांगत असतो. तो ऐकून जो दचकून डावीकडे घुसतो तो अडचणीत येतो, कारण डावीकडे काय आहे ते आपल्याला माहीत आहे : गटाराची जाळी, उखडलेले पेव्हर ब्लॉक, डांबर आणि काँक्रीट यांच्यामधली भेग, ज्यात चाक अडकतं. तेव्हा हॉर्न आला की काहीही करायचं नाही. जशी सरळ चालला आहात तशीच सरळ. मागच्याला तुम्ही कुठे असाल ते कळलं की तो वळसा घालून जातो. रस्त्याच्या कडेला चिकटूनही चालवू नका. कडेपासून निदान हातभर आत राहा, आणि उभ्या गाड्यांच्या शेजारून जाताना एक पूर्ण दार उघडेल एवढं अंतर ठेवा. गाड्यांच्या रांगेत मध्येच मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरायचं आणि पुन्हा बाहेर यायचं, हे तर अजिबात नको. मागच्याला तुम्ही क्षणभर दिसेनाशा होता आणि मग एकदम पुढ्यात येता.

रिक्षावाल्यांकडे बघण्यापेक्षा फुटपाथवर बघत जा. पुढे रिकामी रिक्षा चालली आहे आणि फुटपाथवरच्या माणसाने हात वर केला, की ती रिक्षा डावीकडे वळणार, इंडिकेटर असो-नसो. हात दिसला की ब्रेकवर बोटं. बेस्टची बस स्टॉपला लागत असेल तर बस आणि फुटपाथ यांच्यामधल्या फटीत कधीच शिरू नका, मागे थांबा. डंपर किंवा काँक्रीट मिक्सर शेजारी असेल तर त्याच्या पुढच्या डाव्या चाकाजवळची जागा ड्रायव्हरला दिसत नाही, तिथे सिग्नललाही उभं राहायचं नाही. एवढं सांभाळलंत की बाकी रस्ता बराच शहाणा आहे. आणि कितीही जवळचं असलं तरी उलट्या दिशेने नाही. आपल्याकडे सगळेच जातात हे खरं, पण समोरून येणाऱ्याला सावरायला वेळच मिळत नाही.

रस्त्यावर जायच्या आधी आवारात दोन गोष्टी पक्क्या करा. उजव्या खांद्यावरून मागे बघणं, हँडल न वळवता. मान वळली की हात वळतात, तेच मोडायचं आहे. आणि एक हात सोडून दाखवणं. ब्रेकही तपासा : आपल्याकडच्या सायकलींना सहसा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, पण खात्री करून घ्या. डिस्क ब्रेक असतील तर ते तुमच्या जुन्या रबराच्या ब्रेकपेक्षा फार चटकन धरतात. दोन्ही एकदम, हळूहळू दाबायचे.

कुठे चालवू, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलुंडकरांचा तो प्रश्न असतोच. तानसा जलवाहिनीच्या कडेने मुलुंडपासून शीवपर्यंत ३९ किलोमीटरच्या सायकल ट्रॅकची योजना महापालिकेने आणली, तिचे काही तुकडे झाले. बीकेसीत ट्रॅक बांधला होता, त्यावर गाड्या उभ्या राहायच्या. ट्रॅक होईल तेव्हा चालवीन असं म्हणाल तर साठी गाठाल. मेट्रो ४ चं काम चालू असेपर्यंत लाल बहादूर शास्त्री मार्ग टाळा, तिथे पट्टीच्या सायकलवाल्यांचीही परीक्षा होते. तुमच्या पूर्वेच्या आतल्या गल्ल्या चांगल्या आहेत, मिठागर रोडचा केळकर कॉलेजकडचा भाग सकाळी लवकर गाठलात तर निवांत. या दिवसांत मुंबईत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, म्हणजे सहाला निघालात तर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच, आणि मागचा दिवा जास्त महत्त्वाचा.

त्याच वेळी रस्त्यावर पाववाला असतो, इडलीवाला असतो, दुपारी डबेवाले असतात. त्यांच्याकडे लक्ष देऊन बघा. कोणी झुकून, दात-ओठ खात चालवत नाही. एका सरळ रेषेत, बेताच्या वेगाने, वळायच्या आधी मान वळवून. ट्रॅफिकमध्ये सायकल कशी चालवायची हे या शहरात त्यांना सगळ्यात चांगलं येतं आणि त्यांच्यापैकी कोणाकडेही जर्सी नाही.

यावरून तुमच्या यजमानांच्या ग्रुपकडे येते. त्यांचं आमंत्रण प्रेमाचं आहे, पण आत्ता नाही म्हणा. ग्रुपमध्ये नव्या माणसाला मागे पडण्याची लाज वाटते, मग तो दम लागला तरी थांबत नाही, सिग्नल तोडून गाठायला जातो, आणि घरी आल्यावर आठवडाभर सायकलकडे बघत नाही. 'आपोआप जमेल' हे त्यांना आपोआप जमलं म्हणून वाटतं. त्यांना सांगा, मदत करायचीच असेल तर एखाद्या रविवारी पन्नास किलोमीटर सोडा आणि माझ्या मागे मागे, माझ्या वेगाने, मंडईपर्यंत चला. मागे, पुढे नाही. मागे आपलं माणूस असलं की हॉर्नची धास्ती अर्धी होते.

मंडई म्हटलं ते सहज नाही. माझं मत विचाराल तर तुम्ही ही सायकल व्यायामासाठी चालवायची ठरवलीत, तिथे गाडी अडली. सांगलीत तुम्ही व्यायाम करत नव्हतात, कॉलेजला जात होतात. पाऊस असो, उशीर झालेला असो, मैत्रिणीशी भांडण असो, जावंच लागायचं, म्हणून रोज पाय फिरायचे. आता 'आज जाऊ का नको' हा प्रश्न रोज सकाळी उभा राहतो, आणि पन्नाशीच्या बाईकडे 'नको'ची कारणं तयार असतात. तेव्हा सायकलला काम द्या. दोन-तीन किलोमीटरच्या आतली कामं काढा : भाजी, दळण, औषधं, शिंप्याकडचे ब्लाउज, बँकेचं पासबुक, वाचनालय. त्यातली दोन सायकलची म्हणून ठरवून टाका. त्यांना रिक्षा नाही आणि स्विगी-ब्लिंकिटही नाही.

हायब्रिड मात्र यासाठी अर्धवटच विकतात. कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, कधी कधी स्टँडही नाही, घंटीच्या नावाने प्लास्टिकची टिकटिक. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी इथे करा. स्टँड, कॅरिअर, मडगार्ड, पितळी घंटी, कुलूप. यजमान म्हणतील वजन वाढेल, स्पोर्टी दिसणार नाही. पाच किलो गव्हाचा डबा त्यांच्या स्पोर्टी सायकलवर बांधून दाखवा म्हणावं. डबा कॅरिअरच्या मध्यावर आणि जाड रबरी पट्ट्याने. हँडलला पिशव्या लटकवू नका, त्या चाकात जातात. तसंच ओढणीचं. ती घरी ठेवा किंवा कंबरेला घट्ट बांधा. सलवार असेल तर उजव्या पायाला, घोट्याच्या वर, एक रबर लावा, चेन त्या बाजूला असते आणि या सायकलींना पूर्ण चेनकव्हर नसतं.

हेल्मेटची कायद्याने सायकलवाल्याला सक्ती नाही. माझी आहे. भुवईच्या वर दोन बोटं, पट्टा हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतपत घट्ट. केस अंबाड्यात बांधत असाल तर खाली, मानेवर बांधा, नाहीतर ते मागे सरकतं. पडताना माणूस आधी हात टेकतो, म्हणून साधे हातमोजेही घ्या. पॅडवाली चड्डी आणि जेलची सीट सध्या नको. बूड पहिले दोन-तीन आठवडे दुखतं, मग दुखायचं थांबतं. मऊ सीटवर माणूस रुततो आणि उलट जास्त घासतं.

बीपीची गोळी चालू असेल, छातीत कधी दाटून आलं असेल, तर निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. एरवी साधी खूण ठेवा, चालवता चालवता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर गिअर हलका करा. सायकल चालवून गुडघे बिघडतात असं सोसायटीत कोणी सांगेल, पण अंगाचा भार सीटवर असल्याने धावण्यापेक्षा गुडघ्यांना हे सोपंच पडतं, सीट बरोबर असेल तर. सीट बरोबर करून तीन आठवड्यांनीही दुखत राहिलं तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मला पुन्हा पत्र लिहू नका.

'या वयात कशाला' याला उत्तर द्यायच्या फंदात पडू नका. दळण आणायला चालले, एवढं म्हणा आणि पुढे व्हा. कामाला निघालेल्या बाईला फार प्रश्न विचारत नाहीत, हा आणखी एक फायदा. त्यातल्या एकीने तरी आडून आडून किंमत विचारलेली असेल.

दुकानात महिना-दोन महिन्यांनी फुकट सर्व्हिसिंग असतं, ते चुकवू नका. नव्या सायकलच्या केबल सैल पडतात, गिअर मग जागेवर बसत नाहीत आणि आपल्याला वाटतं आपलंच चुकतंय. आपल्या खाऱ्या, दमट हवेत चेन लवकर गंजते. दोन आठवड्यांनी फडक्याने पुसून चेनचं तेल लावा, खोबरेल नाही. पावसाळ्यात पांढरे पट्टे आणि मॅनहोलची लोखंडी झाकणं साबणासारखी होतात, पण त्याची चिंता जूनमध्ये करू.

विकण्याचं म्हणाल तर गुढीपाडव्यापर्यंत घरात तो विषय नको. थंडीचे दिवस आहेत, यापेक्षा बरी हवा मुंबईत वर्षभरात मिळत नाही. पाडव्यालाही ती पॅसेजमध्येच उभी असेल तर खुशाल विका, मुलालाच जाहिरात लिहायला सांगा.

पॅसेजवरून आठवलं, तिला तिथे नुसती टेकवून ठेवली असेल तर आजच ग्रिलला किंवा खांबाला कुलपाने बांधा. चाकाला नाही, फ्रेमला. आणि सायकल उलटी करून बघा, पायडलच्या मधल्या भागाखाली एक नंबर कोरलेला असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि बिलाच्या फोटोशेजारी ठेवा. चोरीला गेली तर पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न तोच विचारतात.